चौथं प्रकरण

सातारा, रविवार

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आवाज चढला माझा, मनाला लावून घेऊ नकोस. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून देवापुढे साखर ठेवली. त्यांचं करायलाच हवं. पण "प्रबंध राहू दे गं आता" असं तू सहज बोलून गेलीस, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

बंगाली लेखिका आशापूर्णा देवींच्या 'प्रथम प्रतिश्रुती' कादंबरीतली सत्यवती मला तूच सांगितलीस, गच्चीवर पापड घालताना. लहानपणी हट्टानं अक्षरं शिकलेली सत्यवती, आणि तिच्याच नऊ वर्षांच्या सुवर्णाचं लग्न आजीनं परस्पर उरकलं! सत्यवती संसार सोडून काशीला निघाली, तिथे तू थांबलीस. म्हणालीस, "आई, शिकलेल्या बाईचं कर्तव्य ठरवतं कोण, हेच माझं चौथं प्रकरण." लेखिका स्वतः शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांना १९७६चं ज्ञानपीठ मिळालं, हे सांगताना तुझा चेहरा असा फुलला होता! दुसऱ्या दिवशी मी भिशीत सगळ्यांना ऐकवलं.

रवींद्रनाथांच्या 'स्त्रीर पत्र' कथेतली मृणाल मात्र मला झोपू देत नाही. १९१४ची गोष्ट. पंधरा वर्षं सासरी, कविता करायची तीही लपून, घरात कुणाला पत्ता नाही. नवऱ्याला पहिलं पत्र लिहिलं ते पुरीहून, आता परत येणार नाही म्हणून. तू घर सोड असं मी म्हणत नाही गं, तसा अर्थ काढू नकोस. श्रीकांतराव चांगलेच आहेत. पण चांगल्या घरातही बाईचं लिहिणंच आधी बाजूला पडतं.

बघ, लागले उपदेश करायला. चुकलं. पण आजी अंथरुणाला खिळल्या तेव्हा मीही "पुढच्या मार्चला बसते" म्हटलं होतं. एम.ए.च्या वह्या अजून माळ्यावर आहेत, काकूच्या ट्रंकेत. कुणी अडवलं नव्हतं मला. कुणी विचारलंही नाही. त्याच पोटी तू शांतिनिकेतनला एकटी राहून बंगाली शिकून आलीस. तुला गाडीत बसवून आल्यावर बाबा दोन दिवस धड जेवले नव्हते.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं येते. महिनाभर राहीन. सासूबाईंचं पथ्यपाणी, रात्रीचं उठणं माझ्याकडे. तू सकाळी लायब्ररीत जा. डिंकाचे लाडू आणतेय.

विचारणार नव्हते, तरी विचारते, मुदतवाढीचा अर्ज दिलास का?

तुझी,
आई