सुनू, सईच्या पोटात गोळा येतो

नाशिक, रविवार

प्रिय सुनू,

हे फोनवर बोलता आलं नसतं. घरात कान फार, आणि सईला तर भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. बाकी तब्येती ठीक. सासूबाईंचा गुडघा दुखतो, माझी शुगर काठावर आहे, एवढंच.

सईच्या पोटात गोळा येतो. तोच, आपल्या नववीतला. सहामाहीच्या पेपराला निघताना उलटी, हात गार, "आई, मला काहीच आठवत नाहीये." डॉक्टरांनी पोट तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग समुपदेशक मॅडमकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?" हा लगेच "नाही" म्हणाला. त्याला ठाऊकच नाही गं. ठाऊक फक्त तुला, शाळेच्या पायऱ्यांवर माझे तळवे चोळत सतराचा पाढा म्हणायला लावायचीस म्हणून. मी म्हटलं, "मला होता. माझ्या आईला अजून आहे." हा माझ्याकडे बघतच राहिला.

आईचं तुला काय सांगायचं! संगमावर भेळ खाताना दिवे लागले की तूच उठायचीस, "चल, काकू पोलिसात जायच्या आत घर गाठू." आणि बारावीला मला "नाटकं बंद कर" म्हणालीस, त्यावरून दिवाळीपर्यंत अबोला! त्या भांडणात माझंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणते.

तर तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. माझं नाक सईला आलं, त्याचं सगळे कौतुक करतात. त्याच वाटेनं हेही आलं का? आई, मी, सई. मॅडमनी वाचायला दिलं, मग मीही रात्री बसून शोधत गेले.

हे घराण्यात चालतं, हे खरंच आहे. जुळ्या भावंडांवरून ते काढतात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी, साध्या जुळ्यांची सरासरी निम्मी. पहिल्या जोड्यांमध्ये काळजीचा स्वभाव जास्त जुळला, तर त्या फरकावरून जनुकांचा वाटा काढतात. २००१ साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात सतत काळजी करण्याच्या विकारात हा वाटा ३२ टक्क्यांच्या आसपास निघाला. मी ते वाचून रडले. मग मॅडमनी समजावलं की हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. सईच्या भीतीतले बत्तीस टक्के माझे, असा त्याचा अर्थच होत नाही.

आणि हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्या पाचवीत हसत चढलेली ही पोर तेराव्या वर्षी अशी का झाली? त्याचंही थोडं उत्तर सापडलं. स्वीडनमध्ये जुळ्यांना आठ-नऊ वर्षांपासून विशीपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं. लहानपणच्या भीतीमागची जनुकं पुढे फिकी पडतात आणि वयात येताना दुसरी, नवी डोकं वर काढतात, असं २००८ साली छापून आलं. म्हणजे आमचं लक्ष नव्हतं असं नाही. तेव्हा ते दिसणारच नव्हतं.

पण मी ज्याच्यासाठी लिहायला बसले ते पुढेच आहे. २०१५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या थालिया ईली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्याच जुळ्या आईबापांची घरं घेतली आणि त्यांची किशोरवयीन मुलं बघितली. विचार कर, दोघी एकसारख्या जुळ्या बहिणी असतील, तर जनुकांच्या हिशेबात मावशी म्हणजे दुसरी आईच. मूल राहतं मात्र एकीबरोबर. भीती जनुकांतूनच उतरत असेल, तर मुलं मावशीशीही तितकीच जुळायला हवीत. तशी जुळली नाहीत. काळजी जुळली ती सोबत राहणाऱ्या आईबापाशी. जनुकांची वाट त्यांना जवळपास दिसलीच नाही. 'माय मरो पण मावशी उरो' म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणीतरी सांगायला हवं!

हे वाचून आधी हलकं वाटलं, आणि तासाभरात छातीवर धोंडा. रक्तातून गेलं असतं तर माझा इलाज नव्हता. पण स्वयंपाकघरातून, माझ्या चेहऱ्यावरून, "पोचलीस की फोन कर" मधून जात असेल तर? त्याच अभ्यासात हेही होतं की वाट उलटीही असू शकते, घाबरलेल्या मुलाला बघून आईबाप घाबरतात. आमच्याकडे दोन्ही चालू असणार. हा म्हणतो, जुळ्यांच्या गोष्टींवर एवढी झोप घालवू नकोस. मला घालवायची आहे. आई तिच्या दारातल्या खुर्चीतून कधी उठली नाही, मला उठायचं आहे.

न्यू जर्सीचे भाऊजी म्हणतात थुंकी पाठवून जनुकं तपासून घ्या. मी नको म्हटलं. यात एक जनुक नसतंच, शेकडो बारीक फरक असतात आणि एकेकाचा परिणाम चिमूटभर. ती तपासणी सईला फक्त एक शिक्का देईल.

त्याऐवजी मॅडमनी दुसरं शिकवायला घेतलंय. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांची पद्धत. तिच्यात मुलाला बसवतच नाहीत, फक्त आईबाप शिकतात. १२४ मुलांचे दोन गट करून पाहिलं, तर मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच गुण आला. करायचं काय, तर तिच्या भीतीची सरबराई थांबवायची. "पेपर नीट जाईल ना?" याला पुन्हा पुन्हा "हो गं राणी" म्हणायचं नाही. म्हणायचं, "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तू ती सोसू शकतेस हेही मला माहीत आहे." ऐकायला सोपं आहे. गुरुवारी म्हटलं, तर तिनं दार आपटलं आणि "तू आता रोबोटसारखी बोलतेस" म्हणाली. माझे हात ओट्याखाली थरथरत होते. पण ती क्लासला गेली. शुक्रवारी नाही गेली.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. कळलं तर पहिल्या एसटीनं नाशिक गाठेल.

वडोदऱ्याचं घर लागलं का? नीरजच्या ॲडमिशनचं काय झालं? शाळेतल्या त्या बाई अजून तशाच? सगळं नीट लिही, मी आज घाईत विचारतेय.

आणि एक काम. सईची मावशी तूच, जनुकांचा संबंध नसलेली. शनिवारी दुपारी तिला फोन कर, मी बाजाराला जाईन. तिला पायऱ्यांवरचं सगळं सांग, पाढ्यासकट. मी सांगितलं की तिला ते समजूत काढल्यासारखं वाटतं. बारावीचं भांडणही सांग हवं तर, पण माझ्या बाजूनं.

तुझी,
मंजू