जकात नाक्यावर उभं राहायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडून घेतलेले पत्ते येत्या रविवारी परत करायला येणार आहे. नुसता डबा हातात देऊन निघून येणं मला जमणार नाही, आणि समोर बसून हे सगळं बोलायला गेले तर तुम्ही दुसऱ्या वाक्याला विषय बदलाल. म्हणून पत्र लिहिते आहे. उघडं लिहिते आहे, कारण मॅजिक हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या आपल्या इथल्या मराठी मुलामुलींनीही ते वाचावं असं वाटतं.

मी सांगलीहून सिअ‍ॅटलला शिकायला आले तेव्हा मॅजिक: द गॅदरिंग फक्त फोनवर खेळले होते. हा खेळ जिथे 1993 साली जन्मला त्या भागात आपण राहायला आलोय, याचंच मला केवढं अप्रूप होतं. गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या पिशवीतून कार्डांचा डबा खाली पडला, तुम्ही तो उचलून दिलात आणि विचारलंत, "लेगसी खेळतेस का?" (लेगसी म्हणजे जुनी कार्डंही चालतात तो मॅजिकचा प्रकार.) पन्नाशी ओलांडलेल्या, झब्बा घातलेल्या माणसाकडून हा प्रश्न येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पहिल्या रविवारी तुमच्याकडे आले ती माझा डेक, म्हणजे खेळायचा पत्त्यांचा संच, घेऊन. पांढऱ्या रंगाचा, क्रीचरांचा (म्हणजे टेबलावर उतरून लढणाऱ्या कार्डांचा), समोरच्याला त्रास देणारा. एवढंच मला ठरवता आलं होतं. जे जे कार्ड कुणाला तरी अडवतं ते मी भरलं होतं, प्रत्येकी एक किंवा दोन. लँड, म्हणजे कार्डं खेळायला लागणारा माना देणारी कार्डं, फक्त 19. तुम्ही आधी मला हात धुवायला लावलेत (चिवडा खाल्लेल्या हाताने कार्डाला हात लावायचा नाही, हा तुमच्या घरचा नियम), मग जेवणाच्या टेबलावर माझी 60 कार्डं किमतीप्रमाणे रांगेत मांडलीत. एकेका कार्डावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारत गेलात, "हे कुणासाठी?"

मी सांगत गेले. हे ग्रेव्हयार्डवाल्यासाठी, हे आर्टिफॅक्टवाल्यासाठी, हे टोकनवाल्यासाठी. तुम्ही काही न बोलता ती कार्डं बाजूला ठेवत होतात. शेवटी बाजूचा ढीग मुख्य डेकएवढा झाला. तेव्हा म्हणालात, "अगं, यातलं प्रत्येक कार्ड एका माणसाला अडवतं आणि उरलेल्या नऊ जणांसमोर हातात नुसतं पडून राहतं. अशांसाठी साइडबोर्डाच्या, म्हणजे राखीव कार्डांच्या, 15 जागा आहेत. मुख्य डेकमध्ये तेच ठेव जे सगळ्यांनाच लागणारं आहे. आणि माना सगळ्यांनाच लागतो."

मग थालिया काढलीत. थालिया, गार्डियन ऑफ थ्रेबेन. दोन मानाची, 2/1 (वार दोनचा, सोसायची ताकद एकची), फर्स्ट स्ट्राइक, म्हणजे पहिला वार तिचा. आणि ती टेबलावर असेपर्यंत क्रीचर नसलेला प्रत्येक स्पेल (लँड सोडून खेळलेलं कार्ड) एका मानाने महाग. ठाण्यात वाढलेल्या माणसाने तिची जी ओळख करून दिली ती मी जन्मात विसरणार नाही. "मुलुंडचा जकात नाका आठव. ट्रक अडवत नसत, परत पाठवत नसत. फक्त प्रत्येकाने पैसे भरायचे आणि रांगेत थांबायचं. थालिया म्हणजे तो नाका." एका मानाचे स्वस्त स्पेल भराभर खेळून चालणाऱ्या डेकला सगळं दुप्पट भावात घ्यावं लागतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. नाक्यावर आपलीही गाडी थांबते हेही तुम्ही लगेच सांगितलंत. समोरच्याचा क्रीचर काढून टाकणारा आपला एका मानाचा स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्सही दोन मानाला पडतो. म्हणून आपल्या डेकमध्ये क्रीचरच जास्त हवेत. 26 क्रीचर, 23 लँड, चार ईथर व्हायल, चार स्वोर्ड्स, तीन हत्यारं. तो हिशेब तुम्ही एका बिलाच्या मागे लिहून दिला होतात. तो कागद अजून माझ्या डब्यात आहे.

या डेकला जगभर 'डेथ अँड टॅक्सेस' म्हणतात, आणि 2013 साली स्ट्रासबर्गच्या ग्राँ प्री स्पर्धेमध्ये डेन्मार्कच्या थॉमस एनेवोल्डसेनने तो घेऊन विजेतेपद मिळवलं, हे तुम्ही मला फार नंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर मी त्याची यादी जशीच्या तशी उतरवून मोकळी झाले असते आणि काहीच शिकले नसते. तुम्ही ते जाणून होतात असं मला आता वाटतं.

खरी गोष्ट मात्र रिशादन पोर्ट या लँडची. त्याबद्दल तुमचे आभार मानल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

पोर्ट हातात आलं की मला कोण आनंद व्हायचा. समोरच्याच्या अपकीपला, म्हणजे त्याचा टर्न सुरू होताच, त्याचं एक लँड टॅप करून (आडवं करून, म्हणजे वापरून संपवून) टाकायचं, दर टर्नला, न चुकता. तो हळहळतोय हे दिसायचं आणि मला वाटायचं आपण जिंकतोय. आणि मी हरायचे. तीन आठवडे सलग हरले. चौथ्या आठवड्यात मी जिथे खेळायचे त्या दुकानात तुम्ही माझ्या मागे बसून चारही फेऱ्या पाहिल्यात. सामना चालू असताना बाहेरच्याने बोलायचं नसतं, म्हणून हाताची घडी घालून गप्प बसलात. घरी जाताना गाडीत विचारलंत, "पोर्ट वापरलंस तेव्हा तुझी किती लँड गेली?"

दोन. पोर्ट स्वतः टॅप होतं आणि वर एक माना लागतो. म्हणजे त्याचं एक अडवायला मी माझी दोन खर्च करत होते. हातात दोन मानाचे, तीन मानाचे क्रीचर साठून राहिलेले, आणि मी नाक्यावर काठी घेऊन उभी. समोरचा हळूहळू का होईना लँड टाकत राहायचा, आणि एक दिवस त्याला पुरेसा माना मिळायचाच.

"म्हणूनच व्हायल," तुम्ही म्हणालात. आणि मग सिग्नलला गाडी थांबलेली असताना तुम्ही मला अख्खा डेक समजावलात. ईथर व्हायल पहिल्या टर्नला आली की दर अपकीपला तिच्यावर एक काउंटर (मोजणीची खूण) चढवता येतो. जेवढे काउंटर, तेवढ्याच किमतीचा क्रीचर हातातून फुकट टेबलावर. मग माझ्या लँडना क्रीचर विकत घ्यायचे नसतात, त्या पोर्टला आणि समोरच्याचं खास लँड मोडणाऱ्या वेस्टलँडला मोकळ्या राहतात. एकीकडे नाका चालू, दुसरीकडे माणसं मागच्या दाराने आत. व्हायल नसेल तर पोर्ट सोडून दे, आधी क्रीचर उतरव आणि मार. "अडवून कुणी मरत नाही. अडकलाय तेवढ्या वेळात त्याचे 20 लाइफ संपवायचे असतात." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

दोनवर थांबायचं की तीनवर जायचं, हा व्हायलचा सगळ्यात अवघड प्रश्न. त्याचा नियम करून देत नाही म्हणालात, हातातली कार्डं बघून ठरव. पण तीनवर असताना फ्लिकरविस्प या तीन मानाच्या क्रीचरची करामत मात्र तुम्ही मला दहा वेळा करून दाखवलीत. एरवी ती उतरताना जे दुसरं कार्ड टेबलावरून काढून टाकते ते त्याच टर्नच्या शेवटी परत येतं. समोरच्याचा एंड स्टेप, म्हणजे टर्नचा शेवटचा टप्पा, सुरू झाल्यावर व्हायलमधून तिला उतरवली, की ते कार्ड माझ्या टर्नच्या शेवटापर्यंत येत नाही. माझ्या अख्ख्या हल्ल्यात त्याचा ब्लॉकर (हल्ला अडवणारा क्रीचर) जागेवर नाही. आणि डार्क डेप्थ्स या लँडमधून आलेला 20/20 चा मारिट लाज असेल तर तो टोकन (खरं कार्ड नसलेला क्रीचर) असल्याने परत येतच नाही. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा माझे हात थरथरत होते.

आता तो सामना. तुम्ही त्या दिवशी नव्हतात, फोनवर घाईत सांगितला, आता नीट सांगते.

शेवटची फेरी, तिसरा गेम, समोर स्टॉर्म. म्हणजे एकाच टर्नमध्ये स्पेलवर स्पेल खेळून संपवणारा. माझी व्हायल पहिल्या टर्नला, थालिया दुसऱ्या टर्नला. तिसऱ्या टर्नच्या अपकीपला व्हायलवर दोन. त्याने त्याच्या टर्नमध्ये दोन माना देऊन चेन ऑफ व्हेपर थालियावर टाकला. ती माझ्या हातात परत आली. त्याचा चेहरा उजळला. नाका उठला होता.

त्याच क्षणी व्हायल टॅप करून तिला परत उतरवावी असं मला इतकं वाटत होतं की बोटं व्हायलवर काउंटर मोजायला ठेवलेल्या लाल फाशाकडे गेलीही. मग तुमचं आठवलं, "त्याला पहिलं पाऊल टाकू दे." मी हात मांडीवर ठेवला. त्याने लोटस पेटल फुकट टाकली. ती मोडून काळा माना घेतला आणि डार्क रिच्युअल टाकला. आता मी म्हटलं, "याच्या उत्तरात, व्हायल," आणि थालिया टेबलावर ठेवली. त्याला रिच्युअलचे तीन माना मिळाले. पण हातातली उरलेली प्रत्येक गोष्ट आता एकाने महाग होती. तो बराच वेळ बोटं मोजत बसला. पुन्हा मोजली. मग ते तीन माना तसेच वाया जाऊ देऊन त्याने टर्न संपवला. पुढच्या दोन टर्ननंतर त्याने हात पुढे केला आणि मनापासून "सुंदर खेळलीस" म्हणाला.

सगळेच असं म्हणत नाहीत. एकदा एकाने हरल्यावर कार्डं आपटली होती आणि हा डेक समोरच्याला खेळूच देत नाही, असलं खेळण्यात कसला आनंद, असं मला ऐकवलं होतं. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला आणि डेक मोडते म्हणाले. तुम्ही चिडला नाहीत, समजूतही काढली नाहीत. तुम्ही विचारलंत, "त्याच्या डेकमध्ये काय काय आहे सांगता येईल तुला?" मी जवळजवळ सगळं सांगितलं. "बघ, त्याचा डेक तू त्याच्याइतकाच अभ्यासलास. त्याशिवाय अडवता येतच नाही. याला दुष्टपणा म्हणतात का?" मी डेक मोडला नाही.

आता कार्डांबद्दल. पोर्ट चार, वेस्टलँड चार आणि तीन काराकस (लेजंडरी क्रीचरला परत हातात पाठवणारं लँड). त्यातलं एक काराकस 1994 चं, लेजंड्स या जुन्या संचातलं, तुम्ही स्वतः विद्यार्थी असताना घेतलेलं. त्याची किंमत मला ठाऊक आहे. ज्या मुलीला तुम्ही महिनाभरही ओळखत नव्हतात तिच्या हातात तुम्ही ते दिलंत, पावती नाही, तारीख नाही. "खेळण्यासाठीच असतात" एवढंच म्हणालात. त्याच काराकसने एका सामन्यात मला तारलं. समोरच्याने शो अँड टेलमधून (हा स्पेल दोघांनाही हातातलं एक कार्ड फुकट उतरवू देतो) 15/15 चा लेजंडरी क्रीचर एमराकुल उतरवला, त्याच स्पेलवर मी हातातलं काराकस खाली ठेवलं आणि लगेच टॅप करून त्याला परत हातात पाठवलं. त्या वेळी तुमची फार आठवण आली.

सगळी कार्डं दुहेरी स्लीव्हमध्ये आहेत, एकाही कोपऱ्याला धक्का लागलेला नाही. वेस्टलँड आणि काराकस माझे स्वतःचे झालेत, उन्हाळ्यातल्या नोकरीच्या पैशातून. माझे पोर्ट अजून दोनच आहेत. उरलेले दोन तुम्ही आणखी थोडे दिवस ठेवू दिलेत तर बरं होईल, नाहीतर तेवढे दिवस मी दोनवरच खेळेन.

काकूंना नमस्कार सांगा. इतक्या रविवारी त्यांनी जेवणाचं टेबल आपल्यासाठी सोडलं आणि ताटं हातात घेऊन सोफ्यावर बसल्या, त्याबद्दल त्यांचेही मनापासून आभार.

तुमची,
सांगलीची पोर

ता. क. व्हायलवर ठेवायला दिलेला लाल फासा डब्यात नसेल. तो मी माझ्याजवळ ठेवून घेतलाय, विचारून नव्हे, सांगून.