बग्गीखान्याच्या भिंतीला सिमेंट नको

संपादक महोदय,

मलबार हिल, खंबाला हिल, भायखळा इथल्या जुन्या बंगल्यांची दुरुस्ती निघाली की पैसा आणि लक्ष मुख्य घराकडे जातं. मागचा बग्गीखाना आणि तबेला कंत्राटदाराच्या हवाली होतो आणि तो सिमेंट थापून मोकळा होतो. घरामागे बग्गीखाना-तबेला ही रचना इंग्लंडमधल्या मोठ्या घरांवरून आली. तिथे घर वारसा यादीत असेल, तर त्याच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून असलेली जोडबांधकामंही कायद्याने घराचाच भाग धरली जातात. मुंबईच्या यादीतही आउटहाउसचा उल्लेख नोंदीतच स्पष्ट हवा.

या इमारती अडगळीच्या कधीच नव्हत्या. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थचा तबेला अठराव्या शतकात जेम्स पेन या वास्तुविशारदाने आखला. त्यात ८० घोड्यांची सोय, लोहारकामाची जागा, वर धान्याची कोठारं आणि नोकरांच्या खोल्या होत्या. गाड्यांची इमारत मागे १८३०च्या दशकात झाली. गाड्या घोड्यांपासून वेगळ्या ठेवत, कारण मूत-लिदीतल्या अमोनियाने व्हार्निश मरतं. दार उंच असतं ते गाडीवानाच्या बैठकीमुळे आणि फरशीला उतार असतो तो गाडी धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून. कमानीच्या पायाशी दोन्हीकडे जो तिरपा दगड असतो, तो चाकाचा तुंबा (चाकाचा मधला जाड भाग) घासून चिरे फुटू नयेत यासाठी. दुरुस्तीत ‘मध्ये येतो’ म्हणून पहिला घाव यावरच पडतो, याचं फार वाईट वाटतं.

तबेल्याच्या भिंतीचं दुखणं निराळं. वर्षानुवर्षं मूत मुरल्याने तिच्या खालच्या भागात क्षार साठलेले असतात. चुन्याची दरज, म्हणजे दोन चिऱ्यांमधला सांधा, ओल बाहेर सोडते, लोणा (बाहेर येणारे क्षार) दरजेतच फुलतो आणि झिजलेली दरज पुन्हा भरता येते. सिमेंटने ती बंद केली की ओल दगडातून वाट काढते, क्षार आतच फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पोरबंदरी दगड (मऊ चुनखडीचा) तर फारच लवकर जातो.

म्हणून जुनी दरज हातछिन्नीने, रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरावी. ग्राइंडर लावू नये, चिऱ्यांच्या कडा उडतात. धूळ झाडून भिंत ओली करावी आणि एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू असा माल थरांनी दाबून भरावा. चुना घाण्यात (मळायच्या चक्कीत) मळलेला असला तर उत्तम. वर ओलं गोणपाट निदान आठवडाभर ठेवावं. उन्हात चुना घाईने वाळला तर भुसभुशीत होतो आणि बोटाने खरवडला जातो. पावसाळ्यानंतर भिंत सुकू द्यावी आणि मगच कामाला हात घालावा.

सोसायट्यांनी आणि ट्रस्टींनी निविदेत चुन्याच्या दरजांची बाब वेगळी लिहावी. आधी एक चौरस मीटरचा नमुना करून घ्यावा, तो महिनाभर पाहावा आणि पसंत पडला तरच पुढच्या कामाची परवानगी द्यावी.

— जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणारे काही वाचक, गिरगाव, मुंबई