चिऊ माझ्याजवळच राहील

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबांची रेंज जाते, म्हणून लिहिते आहे. माझी स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू असली तरी चिऊला तुमच्याकडे चिपळूणला पाठवायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. तुमच्याकडे तिचे हाल होतील म्हणून नव्हे हो! उलट तिथे इतकी लाडावेल की परत यायचं नावच घेणार नाही. पण संध्याकाळी ती मला हवी असते आणि तिलाही मी दिसायला हवी, अंथरुणावर का असेना.

बाबा, आत्याच्या कॅन्सरच्या वेळी मला आणि ताईला मामाकडे गुहागरला ठेवलं होतंत. तेव्हा सगळे तसंच करायचे, तुम्हाला मी बोल लावत नाही. पण परत आलो तर आत्याची खाट माळ्यावर गेलेली, आणि कुणी अवाक्षर काढेना. मी तिची बांगडी फोडली म्हणून ती गेली, असंच मी कितीतरी दिवस धरून चालले होते. चिऊच्या डोक्यात असलं काही बसायला नको.

समुपदेशक बाईंचंही तेच म्हणणं पडलं. आजाराचं नाव घ्या, तिच्यामुळे झाला नाही हे सांगा, सर्दीसारखा लागत नाही हेही सांगा. सांगितलं. तर म्हणते, "मग मी तुझ्या ताटात जेवू?" केस गळायच्या आधीच मी बॉयकट करून घेतला. आरसा तिनेच धरला, आणि खाली पडलेले केस भातुकलीच्या सुपलीत भरून तिच्या बाबाला दाखवून आली.

इथली काळजी करू नका. पोळ्यांना बाई लावली आहे, केमोच्या दिवशी शेजारच्या काकू चिऊला बालवाडीतून आणतात. लाल औषधाचे चार डोस तीन-तीन आठवड्यांनी, मग दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याला एक असे बारा, त्यानंतर ऑपरेशन. डोसनंतर चार-पाच दिवस फोडणीचा वास सोसत नाही. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा घरात पाहुणे नकोत. वाडीतल्या मंडळींना तसं सांगा. ताप १००.४ वर गेला तर रात्री-अपरात्रीही थेट हॉस्पिटल, पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. ओपीडीत सोबत कोण आलंय ते सगळे विचारतात. घरी लेकराजवळ कोण आहे, हे आजवर एका सिस्टरनेच विचारलं.

आई, तू ऑपरेशननंतर ये. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने काही आठवडे चिऊला उचलता यायचं नाही आणि ती कडेवर घे म्हणून हटून बसणार. तेव्हा मला तूच हवीस. आत्ता आलीस तर दिवसभर ओट्याशी उभी राहशील, रात्री माझ्या उशाशी जागशील, आणि गुडघा धरून बसशील. तुझ्या हातचं तेल डोक्याला लागावं असं मात्र फार वाटतं गं, केस नसले तरी. आणि दुसऱ्या बाळाचं आता काय, असं विचारू नकोस. केमोआधी डॉक्टरांनीच विषय काढला होता, स्त्रीबीजं गोठवून ठेवली आहेत. पुढचं पुढे.

बाबा, माझी जनुकीय तपासणी केली आहे, रिपोर्ट यायचाय. कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला बिघाड वडिलांच्या बाजूनेही येऊ शकतो. लगेच तोंड पाडून बसू नका. तुमचं नाकही माझ्याकडे आलंय, त्याचा कधी जाब विचारला का? आत्याला झाला तेव्हा तिचं वय काय होतं आणि आजीच्या माहेरी कुणाला होता का, तेवढं विचारून कळवा. रिपोर्टमध्ये काही निघालं तर ताईलाही तपासून घ्यावं लागेल. ते तिला मी सांगेन, तुम्ही नको.

कुळथाची पिठी पाठवा. लोणचं नको, तोंड आलंय. रोज साडेसातला व्हिडिओ कॉल करून चिऊला गोष्ट सांगायची. तिच्यासमोर डोळे पुसायचे नाहीत, माझी चौकशी ती झोपल्यावर. येताना मांडवी एक्सप्रेसने या, ठाण्याला जावई घ्यायला येतील, रात्रीची एसटी अजिबात नको. आणि बाबा, उपाशीपोटी साखर या आठवड्यात तपासून घ्या आणि आकडा खरा सांगा.

तुमची,
मनू