बहावा लाव!

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अंगणात कुठलं झाड लावू, असं विचारलंस आणि पुढच्याच ओळीत 'गुलमोहर?' लिहून मोकळाही झालास! गुलमोहर देखणा, पण मूळचा मादागास्करचा. मुळं वरवर पसरतात, वादळात फांद्या मोडतात. तू बहावा लाव. आपल्याच रानातला, आणि साधारण 10 ते 15 मीटरच्या पुढे जात नाही.

बी टणक असतं, तसंच पेरलंस तर महिनोन् महिने ढिम्म. काचपेपरवर एक कड घास, आतला फिकट भाग दिसेपर्यंतच, आणि रात्रभर पाण्यात ठेव. फुगेल ते पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासायचं. रानात माकडं नि कोल्हे शेंगांतला गर खातात आणि बिया दूरवर पोचवतात.

जागा भरपूर उन्हाची हवी, पाणी साचणारी नको; भिंतीपासून 4-5 मीटर तरी सोड. पहिले दोन उन्हाळे पाणी दे, मग त्याचं तो बघतो. फुलायला मात्र काही वर्षं जातात, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेव.

फुलला की खाली उभा राहून एक फूल नीट बघ. पुंकेसर 10, पण सारखे नाहीत: तीन लांब, बाकदार, बाकीचे आखूड. भुंगा येतो तो आखूड पुंकेसरांतला पराग खायला. तो खाण्यात दंग असताना लांब पुंकेसर त्याच्या अंगाला पराग फासतात, आणि तो पुढच्या फुलावर पोचतो. खाऊ वेगळा, टपाल वेगळं! मी तासन् तास बघत बसतो, घरचे हसतात.

तुझा घाबरून फोन येणार तो दोनदा. एकदा पानं गळून झाड खराटा झालं की. ते तसंच होतं, त्यानंतरच घोस लटकतात. दुसऱ्यांदा हिरव्या अळ्या पानं फस्त करतील तेव्हा. त्या पिवळसर फुलपाखरांच्या असतात. फवारणी करू नकोस, नवी पालवी येते.

शेंगा वाळवून ठेवल्यात, बिया पाठवतो. शेंग हाती लागली तर आतला काळा गर मुलांना चाटू देऊ नकोस, जुलाब होतील. अंगणातून पाण्याचे पाइप कुठून गेलेत त्याचं चित्र काढून पाठव, मग खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवू.

तुझा,
अविनाश