घडी उघडा, एवढंच

मा. संपादक महोदय,
स. न.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांतले नवे डिजिटल संग्रह आणि संशोधनाचे डेटाबेस यांवरचं आपलं कालचं अर्धं पान वाचलं. 'ज्ञानाची दारं सताड उघडी' हे शीर्षक देणाऱ्या उपसंपादकांनी त्यातलं एखादं दार स्वतः ढकलून पाहिलंय का, एवढंच विचारायचं होतं.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी आमच्या कारेलीबागेतल्या घरात शिरली आणि खालच्या कपाटातली पुस्तकं गेली. त्यात आजीचं बाळंतपणाचं पुस्तक होतं. बडोद्यातच छापलेलं, शंभरी गाठलेलं. अळिवापासून शेकशेगडीपर्यंत सगळं त्यात, आणि शेवटी बाळंतिणीच्या सव्वा महिन्याच्या खुराकाचा तक्ता. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्या तक्त्यावर उठल्या. जुने कागद स्कॅन करून ठेवावेत हे मला कोणी पटवून द्यायला नको. त्या पुस्तकाचा लगदा मी माझ्या हातांनी बादलीत भरलाय.

आता नातीला सहावा महिना आहे, म्हणून एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही. शहरात विद्यापीठं एकाहून अधिक आहेत आणि तिथल्या मुलीने मला आधी पाणी विचारलं होतं. संगणकावर 'बाळंतपण' टाकलं, शून्य. 'बाळंतीण', शून्य. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर तिला ते 'बालंतपन' म्हणून सापडलं. नोंद करणाऱ्याला मराठी येत नसेल, पण ळ आणि ण गुजरातीतही आहेत! म्हणजे हे काम कंत्राटावर कुठे लांब गेलं असणार.

पुढे लॉगिन. विद्यार्थी की प्राध्यापक, दोनच पर्याय. वय वर्षं 74 साठी तिसरा नाही. मग छापील प्रतच दाखवा म्हटलं, तर "काका, ए तो डिजिटल थई गयुं", म्हणून ती वरच्या मजल्यावर बांधून ठेवलीय. स्कॅन झालं म्हणून पुस्तक मिळत नाही आणि पासवर्ड नाही म्हणून स्कॅन मिळत नाही. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो. या पुस्तकाच्या लेखकाला जाऊन सत्तर तरी झाली. मग हे कुलूप कोणाच्या मालाला?

संशोधनाची नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांना खुली करणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेचे आकडे आपण ठळक टायपात दिलेत: तीन वर्षांना 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. चांगलं आहे. आमची भाचेसून रसायनशास्त्रात पीएचडी करते, तिला रात्री बाराला घरबसल्या निबंध उघडतात. तिचा मला आनंदच आहे.

आणि हो, बडोदा संस्थानात गावोगावची ग्रंथालयं उभी करणाऱ्या बोर्डनसाहेबांना आपण इंग्रज करून टाकलंत. ते अमेरिकन. 1910 साली सयाजीरावांनी त्यांना बोलावलं ते पुस्तकं रयतेच्या हातात पडावीत म्हणून. लाकडी पेट्या भरभरून पुस्तकं गावोगाव जात. माझे आजोबा पेटलाद तालुक्यात मास्तर होते, पेटीची किल्ली त्यांच्याकडे असे. मागेल त्याला पुस्तक. (हळदीचे डाग पडून परत आलं तर मात्र ते चार शब्द सुनवायचे.) मागे आपल्याकडे या तिसऱ्या सयाजीरावांचं 'सयाजीराव दुसरे' छापून आलं होतं, तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं. ते छापलं गेलं नाही. असो.

शेवटी त्या मुलीने, कोणी पाहत नाही असं बघून, स्वतःच्या पासवर्डने पुस्तक उघडलं आणि मला आपल्या खुर्चीवर बसवलं. प्रिंट काढता येत नाही, म्हणून वीजबिलाच्या मागे लिहून घेत होतो. शेवटचं पान आलं. तक्ता मोठ्या कागदाचा, पुस्तकात घडी घालून चिकटवलेला. स्कॅन करणाऱ्याने घडी उघडलीच नाही. पडद्यावर नुसती घडीची पाठ, तिच्यावर कोणाचा तरी अंगठा आणि कडेला 'दिवस पहिला: साजूक तूप' एवढंच.

नातीचं बाळंतपण दिवाळीच्या सुमारास आहे. तोवर वरच्या मजल्यावर जाऊन कोणी ती घडी उलगडली, तर कृपया कळवावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, मागच्या न छापलेल्या पत्रावर.

आपला,
एक जुना वाचक
कारेलीबाग, बडोदे