सहसंयुज म्हणजे कमी द्रवणांक, हे विधान बदला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शालेय रसायनशास्त्रात आयनिक (अणूंनी इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन बनलेल्या) आणि सहसंयुज (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बनलेल्या) संयुगांच्या गुणधर्मांचा तुलनात्मक तक्ता विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला जातो आणि त्यात ‘सहसंयुज संयुगांचे द्रवणांक कमी असतात’, म्हणजे ती कमी तापमानाला वितळतात, असे विधान बहुधा सरसकट केलेले आढळते. ते दुरुस्त व्हावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणातली मूलद्रव्ये आहेत आणि दोघांचेही ऑक्सिजनशी होणारे बंध मुख्यत्वे सहसंयुज असतात. असे असूनही कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या तापमानाला वायुरूप असतो, तर सिलिका, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, वितळवण्यासाठी सुमारे 1700 अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते. कार्बन डायऑक्साइडचे रेणू सुटे असतात आणि त्यांच्यातले परस्पर आकर्षण क्षीण असते. क्वार्ट्‌झच्या (सिलिकेच्या एका नैसर्गिक रूपाच्या) स्फटिकात मात्र सुटा रेणू शोधूनही सापडत नाही. तेथे प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना सांधणारा, अशी वीण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असते, त्यामुळे तो वितळवायचा तर सहसंयुज बंधच तोडावे लागतात. पाणी उकळते तेव्हा असे काहीच घडत नाही. रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तेवढे तुटतात, रेणूच्या आतले बंध जसेच्या तसे राहतात. हा फरक न उमगल्यामुळेच पाणी उकळल्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, असे उत्तर हुशार मुलेही लिहितात.

मिठाचे चित्रही असेच अपुरे असते. सोडियमने इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला आणि दोघांची जोडी जमली, एवढ्यावर धडा थांबतो. वास्तविक मिठाच्या स्फटिकात अशा जोड्या नसतात आणि प्रत्येक आयनाभोवती (प्रभारित अणूभोवती) विरुद्ध प्रभाराचे सहा आयन असतात, हे ब्रॅग पिता-पुत्रांच्या क्ष-किरण संशोधनातून 1913 मध्येच स्पष्ट झाले होते. मिठाचा 801 अंश सेल्सिअस हा द्रवणांक या सर्वदूर पसरलेल्या आकर्षणामुळे आहे.

तक्त्यातील ‘सहसंयुज’ या एका रकान्याचे ‘सुट्या रेणूंचे पदार्थ’ आणि ‘सलग जालकाचे पदार्थ’ असे दोन रकाने करावेत, दुसऱ्यात सिलिका आणि हिरा यांची नावे घालावीत आणि मिठाच्या जोडीच्या आकृतीशेजारी त्याच्या स्फटिकजालकाची आकृती छापावी, अशी पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका